नर्सबाईंच्या पिशवीतली भाजी

"हाई धर, मंग सांग."

कुणाच्याही घरात शिरल्या की आमच्या नर्सबाई हे पहिलं वाक्य बोलायच्या आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीतून मेथीची जुडी काढून समोरच्याच्या मांडीवर ठेवायच्या. कधी गवार असायची, कधी लसूण, हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा. समोरचा माणूस गडबडून जुडी सोडायला लागायचा. बाई भिंतीला टेकून बसायच्या, चष्मा पदराने पुसायच्या आणि गप्प राहायच्या. भाजी अर्धी निवडून होईस्तोवर तो माणूस बोलता झालेला असायचा.

"माणूस रिकामा बठेल व्हयी ना, ते सांगस, समदं बरं शे," त्या मला समजावून सांगायच्या. "त्याना हात गुंतले का मंग खरं सांगस."

यात बाईंचा स्वतःचा फायदा किती, हे माझ्या वर्षभर लक्षात आलं नाही. त्यांच्या घरची भाजी जवळजवळ निम्म्या तालुक्याने निवडली होती.

मी तेव्हा नवापूरजवळच्या आरोग्य केंद्रात नवा नवा आरोग्यसेवक म्हणून आलो होतो. मूळचा म्हसावदचा. घरी केळी, ऊस, आणि शेतीतून निदान एकाने तरी पगारावर जावं हा वडिलांचा आग्रह. बाईंनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि नाव तेवढं विसरून गेल्या. पुढची सगळी वर्षं त्यांच्या लेखी मी "म्हसावद" होतो. "म्हसावद, गाडी काढ." "म्हसावद, लिही." एकदा तर माझ्या आईसमोरच त्यांनी मला तशी हाक मारली. आईने चमकून मागे पाहिलं, गावाहून आणखी कोण आलं म्हणून.

बाई साक्रीकडच्या. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, डोंगराकडच्या पाड्यांवर गेल्या की तिथली बोली, आणि साहेबांपुढे शुद्ध मराठी. ही शेवटची भाषा त्या लग्नातल्या शालूसारखी वापरायच्या. क्वचितच, आणि सारख्या सावरत.

त्या वर्षी कोंबड्यांवर रोग आला. नवापूरचा अर्धा जीव अंड्यांवर. शेडमध्ये खाद्य घालणारे, अंडी गोळा करणाऱ्या, ट्रे भरणाऱ्या, टेम्पो चालवणारे, सगळ्यांची चूल त्याच अंड्यांवर पेटायची. पांढरे अंगरखे घातलेली पथकं आली, पक्षी मारून खड्ड्यांत पुरले, वर चुना टाकला, आणि शेडांना कुलपं लागली. पहिले आठ दिवस लोक त्याच गोष्टी बोलत होते. नंतर बोलायचेच थांबले. घराघरात भांडी आपटण्याचे आवाज मात्र वाढले.

वरून आदेश निघाला की बाधित कुटुंबांचा ताणतणाव कमी करायचा. त्यासाठी आम्हा दोघांना नंदुरबारला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी दिवे मंद केले आणि सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. दहा मिनिटांनी डोळे उघडायला सांगितलं तर आमच्या बाई उघडेनात. प्रशिक्षकबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बघा, यांना किती छान शांत होता आलं." मी शेजारी होतो, म्हणून मला ते घोरणं ऐकू येत होतं. पहाटेच्या बसने आलो होतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी मात्र बाई टक्क जाग्या होत्या. एका गोष्टीवर त्यांनी प्रशिक्षकबाईंना तीनदा प्रश्न विचारले. कुणाच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय असं वाटलं, तर ते सरळ विचारायचं की नाही. त्या बाई म्हणाल्या, सरळ विचारायचं. विचारल्याने विचार वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. आणि मग त्याला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. त्यांना वहीत लिहिताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर आम्ही कामाला लागलो. पहिलाच प्रयोग फसला. शेडांजवळच्या वस्तीत बायका-पुरुष जमवून बाईंनी शालूतली मराठी काढली. "आता आपण सर्वांनी दीर्घ श्वास घ्यायचा आहे." खड्डे तिथून दूर नव्हते आणि वारा नेमका तिकडून येत होता. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून एक आजोबा म्हणाले, "बाई, आठे श्वास लेवाले सांगू नका. धरी ठेवाले शिकाडा."

बाईंनी प्रशिक्षणात मिळालेल्या तक्त्यांची गुंडाळी केली, माझ्या हातात दिली आणि मेथी बाहेर काढली.

उरला फॉर्म. तो भरणं भाग होतं, कारण साहेब तोच मागायचे. "गेल्या पंधरा दिवसांत आपणांस उदास वाटले का? कधीच नाही, कधी कधी, नेहमी." एका घरी मी हा प्रश्न म्हातारीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "उदास म्हंजे?"

मी म्हणालो, "म्हणजे मन लागत नाही असं."

"मन्हं मन ते लगीन झाय तवपासून लागनं नही."

मी म्हणालो, "आजी, फक्त पंधरा दिवसांचं सांगा."

बाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "लिही म्हसावद, नेहमी. पन कोंबड्यास्नामुये नही, हाऊ म्हातारानामुये." खाटेवरचा म्हातारा खुदकन हसला. म्हातारीनेही पदर तोंडाला लावला. फॉर्ममध्ये हसण्यासाठी रकाना नव्हता.

हे सगळं मी असं सांगतोय म्हणून तुम्हाला वाटेल की बाई घरोघर गंमत करत फिरायच्या. तसं नव्हतं. त्यांचे कान कुठे टवकारायचे ते मला हळूहळू कळायला लागलं. नवरा-बायको भांडत असतील त्या घरी त्या फार थांबायच्या नाहीत. जिथे भांडण अचानक बंद झालंय, तिथे दुसऱ्यांदा जायच्या.

असंच एक घर सुरेशभाऊंचं. एका मोठ्या फार्मवर ते सुपरवायझर. एक दिवसाच्या पिल्लापासून अंड्यावर येईपर्यंत पक्ष्यांची जबाबदारी त्यांची. शेड बंद झाल्यावर सुरुवातीला त्यांनी घराचा सुपरवायझर व्हायचा प्रयत्न केला होता. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, पाण्याचे माठ रोज तपासले, पोळ्या सारख्या आकाराच्या का नाहीत ते विचारलं. त्यांच्या बायकोने, कल्पनावहिनींनी, आमच्यासमोर मनसोक्त तक्रार केली होती. दोघं अजून भांडतायत हे ऐकून बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "भांडी ऱ्हायनात ना? मंग बरं शे."

महिन्याने आम्ही पुन्हा गेलो तर डबे परत कसेही लावलेले होते. वहिनींनी लसूण हातात घेतला आणि सोललाच नाही.

"मन्हा घरधनी बोलतस नही बाई," त्या म्हणाल्या. "सकायमा उठी शेडमा जाई बसतस. जेवाले बलावं ते येतस, जेवतस, परत जातस. मी काही बी बोलू, हो म्हनतस."

बाईंनी पिशवी तिथेच ठेवली आणि उठल्या. मीही मागे गेलो.

दुपारची वेळ होती. शेडला पुढून कुलूप होतं, पण मागच्या दाराची किल्ली सुरेशभाऊंकडे असायची आणि ते दार उघडं होतं. रिकाम्या पिंजऱ्यांच्या रांगा लांबपर्यंत गेलेल्या, आणि मधल्या वाटेत एका उपड्या बादलीवर सुरेशभाऊ बसलेले. बाईंनी दुसरी बादली उपडी केली आणि शेजारी बसल्या. मी दारापाशीच थांबलो. मग बाईंनी विचारलं, "कितला दिवसन्या व्हत्यात?"

ते पक्ष्यांचं वय सांगायला लागले. मग वजन, मग खाणं, मग अंड्यांचा रंग. बोलता बोलता त्या दिवसावर आले. पथकातली माणसं नवीन होती, पक्षी त्यांना बिचकत होते, धावाधाव होऊन पंख मोडत होते. "त्या मन्हा हातले घाबरेत नही," सुरेशभाऊ म्हणाले. "म्हनीसन मीच धऱ्यात. एक एक. फडफडन्यात बी नही."

मग ते रडले. बाईंनी रडू दिलं. आणि रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, अगदी ताप किती दिवस आहे असं विचारावं तशा आवाजात, "भाऊ, तुमना मनमा जीव देवानं येस का?"

मला वाटलं, ते आता उठून जातील. ते म्हणाले, "येस."

"आज बी उना?"

"आज बी."

बाईंनी मान हलवली. "बरं करं, तुम्ही सांगी दिन्हं," त्या म्हणाल्या. "आते आपण एकटं नही बठानं."

त्या दुपारी त्यांनी जे केलं, ते मी जन्मभर विसरणार नाही, आणि त्यातही हसू येण्यासारखं काहीतरी होतंच. शेडच्या खोलीत फवारणीच्या औषधाचा मोठा डबा होता. बाई सुरेशभाऊंना म्हणाल्या, "हाऊ डबा मी लई जास. मन्हा घरमा ढेकूण व्हयी गयात." सुरेशभाऊंना कळलं, मला कळलं, मागून आलेल्या वहिनींना तर कळलंच. पण सुरेशभाऊ, इतकी वर्षं औषधं हाताळलेला माणूस, न राहवून म्हणाले, "बाई, हाई ढेकूणनं औषध नही शे."

"मन्हा ढेकूणस्ले चालस," बाई म्हणाल्या.

"म्हसावद, तुन्ही गाडीले बांध." मी तो डबा गाडीला बांधून गावातून नेला. वाटेत तिघांनी विचारलं, काय चाललंय. मी तिघांनाही सांगितलं, बाईंकडे ढेकूण झालेत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढे काही दिवस बाईंच्या घरी कुणी खाटेवर टेकायचं नाही, खुर्ची मागायचं; मग लोकांनी यायचंच सोडलं. बाईंनी ते मुकाट सोसलं.

त्या दिवशी सुरेशभाऊंच्या मेहुण्यांना मुक्कामाला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः सुरेशभाऊ आणि वहिनींना घेऊन चिंचपाड्याला डॉक्टरांकडे गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला जायचं ठरलं. पण डॉक्टरांकडे आठवड्यातून एकदाच जायचं, बाकीचे सहा दिवस उरतातच, हे बाईंना दिसत होतं.

महिन्याचं लसीकरण अंगणवाडीत असायचं. बाईंनी सुरेशभाऊंना निरोप धाडला की आमचा माणूस रजेवर आहे, बाळांची वजनं करायला या. आमचा माणूस म्हणजे मी, आणि मी तिथेच उभा होतो.

सुरेशभाऊ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आले. बाळांना झोळीत घालून टांगत्या काट्यावर वजन करतात. तो काटा पाहून त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचा भाव आला. पहिलं बाळ हातात घेतलं आणि काय सांगू, ते रडायचं थांबलं. इतक्या सहज, इतक्या भरवशाच्या हाताने आमच्यापैकी कुणीच बाळ धरत नव्हतं. त्यांनी वजन वाचलं, आणि सवयीने, कोंबडीच्या पिल्लाची गळ्यातली पिशवी चाचपावी तशी, बाळाच्या गळ्याखाली दोन बोटं लावून पाहिली.

"काय दखतस?" बाळाच्या आईने घाबरून विचारलं.

"पोट भरेल शे का ते."

"भाऊ," बाई सुई भरता भरता म्हणाल्या, "हाई दूध पेस. दाणा नही खास."

अंगणवाडीत बायकांनी जे हसायला सुरुवात केली ते थांबेना. सुरेशभाऊ कानापर्यंत लाल झाले. मग तेही हसले. दाराबाहेर कल्पनावहिनी उभ्या होत्या. त्यांनी ते हसणं ऐकलं, आणि चप्पल घालायचं विसरून तशाच घरी निघून गेल्या. मी मागून चपला घेऊन गेलो.

पुढच्या महिन्यापासून सुरेशभाऊ न बोलावता यायला लागले. त्यांची भाषा काही सुधारली नाही. "बॉडीवेट बरं शे." "हाई पोर मांगला महिनापेक्षा चांगली उठेल शे." एका बाळाचं वजन दोन महिने वाढलं नाही, तेव्हा त्यांनी आईला गंभीरपणे विचारलं, "खाद्य काय चालू शे?" बायका पुन्हा हसायला लागल्या, पण ते हसले नाहीत. ते आईकडे पाहत होते. तिचं मनगट पाहत होते. ती पूर्वी ट्रे भरायच्या कामावर होती. बाईंनी तिला बाजूला घेतलं, हातात गवार दिली. तेव्हा कळलं की ती एक वेळच जेवत होती, आणि दुसऱ्या वेळचं मोठ्या दोन मुलांना वाढत होती.

दुसऱ्या दिवसापासून कल्पनावहिनींच्या घरून तिच्याकडे भाकरी जायला लागली. वहिनींनी मला बजावलं होतं की याचा बोभाटा करू नको. मी आजपर्यंत केला नव्हता.

आता बाईंचं स्वतःचं सांगतो.

एका रविवारी सकाळी मी फॉर्मांचा गठ्ठा द्यायला त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर एक तिशीतला माणूस गुडघे जवळ घेऊन बसला होता. आत दोन लहान मुली, एक सून. बाई चुलीपाशी एकट्याच मेथी निवडत होत्या.

ओट्यावरचा तो बाईंचा मुलगा, सुरतला कापडाच्या कारखान्यात होता. तिथे काम कमी झालं, त्याची पाळीच बंद झाली. चार महिने झाले होते सगळे इथे येऊन. चार महिने बाई रोज सकाळी त्या ओट्यावरच्या माणसाला ओलांडून दुसऱ्यांच्या घरी त्यांची दुःखं ऐकायला जात होत्या, आणि आमच्यापैकी कुणालाही पत्ता नव्हता. ढेकणांच्या भीतीने घरी कुणी फिरकतच नव्हतं म्हणा.

"कोणले सांगू नको, म्हसावद," बाई म्हणाल्या.

मी मान डोलावली आणि तिथून थेट कल्पनावहिनींकडे गेलो. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

वहिनी दुपारी आल्या. सुरेशभाऊही आले. वहिनींनी माझ्याकडून एक कोरा फॉर्म मागून घेतला होता. त्या बाईंच्या समोर बसल्या, चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या. "गेल्या पंधरा दिवसांत आपणांस उदास वाटले का?"

"मन्हं काय," बाई म्हणाल्या. "मन्हं बरं शे. चहा लेतस का?"

"चहा नंतर. तीनमातून एक सांगा. कधीच नही, कधी कधी, का नेहमी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी दोन पावलं मागे सरलो. मग त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मुलगा मान वळवून आत बघत होता. बहुतेक पहिल्यांदाच आईला कुणीतरी हे विचारताना तो ऐकत होता.

"लिही," बाई म्हणाल्या. "नेहमी."

आणि चष्मा काढला. पुसायला पदर घेतला तो डोळ्यांवरच राहिला. मुलगा ओट्यावरून उठून आत आला आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसला. सुरेशभाऊंना अशा वेळी काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही नातींना उचललं आणि अंदाजाने त्यांची वजनं सांगितली. धाकटी म्हणाली, मी जास्त आहे. रडता रडता बाई म्हणाल्या, "ती खरं सांगस. गया महिनामा मीच वजन करेल शे." मग फॉर्म हातात घेऊन त्यांनी तपासला. "सही ऱ्हायनी," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

पावसाळ्यानंतर शेडं धुवायचं, चुना मारायचं काम निघालं. सुरेशभाऊंनी बाईंच्या मुलाला हाताखाली घेतलं. सुरतेला लुगडी विणणाऱ्या यंत्रांवरचा माणूस, पिंजरे घासताना सुरुवातीला नाक दाबून काम करायचा. पण संध्याकाळी दमून घरी यायचा, मुलींशी भांडायचा. बाई म्हणायच्या, "भांडी ऱ्हायना. बरं शे." नवी पिल्लं आली. वर्षभराने सुरतेहूनही बोलावणं आलं आणि तो परत कामावर गेला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मुलाने त्यांना सुरतेला राहायला बोलावलं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग नातींनी फोनवर काय सांगितलं देव जाणे, सामान बांधायला लागल्या.

आम्ही सगळे नवापूर स्टेशनवर गेलो. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाई गाडी येईपर्यंत महाराष्ट्राच्या बाजूच्या बाकावरच बसून राहिल्या, तिकडे इतकी सावली असताना. सुरेशभाऊंनी प्रवासासाठी अंडी उकडून आणली होती. वहिनींना रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता. मी ट्रंक वर चढवली. बाईंना खिडकीची जागा मिळाली. त्यांनी मला सांगितलं की नवी नर्स येईल तिला त्रास देऊ नको, आणि गाडीच्या चाकांत हवा भरून घे.

डब्यात त्यांच्या समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, आमच्या ओळखीची नव्हे. मांडीवर मूल, आणि ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होती. आमच्या बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग दुसऱ्यांदा.

शिट्टी झाली. गाडी गुजरातेच्या बाजूला सरकली. आम्ही तिघं हात हलवत पुढे चालत राहिलो, वहिनी तर जवळजवळ पळत होत्या. बाई समोरच्या बाकाकडे वळलेल्या, खिडकीत त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता, आणि तो हळूहळू होकारार्थी हलत होता.